एका पायरीची अठरा चित्रं

अडुसष्टाव्या वर्षी मी फार अल्लड होते. हे जे लिहिते आहे ते त्या पोरीबद्दल आहे, आणि तिची आठवण आली की अजून तिचा कान पिरगाळावासा वाटतो. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याहून वयानं मोठी म्हणून तेवढा अधिकार मला असावा.

आमचं घर काशीत, बालाजी घाटाकडून पंचगंगा घाटाला जाणाऱ्या गल्लीत. तळमजल्यावर एक खोली आहे, तिला खिडकी एकच आणि तीही समोरच्या भिंतीला नाक लावून उभी. तिथे आम्ही वर्षानुवर्षं फक्त गव्हाच्या कोठ्या आणि न कळवता आलेले पाहुणे ठेवत आलो. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर भाद्रपदाच्या आधी मोहल्ल्यातल्या मराठी घरांसाठी गंगामातीचे गणपती करत, आणि वर्षाचे उरलेले महिने माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढत. त्यातून मला सोडवलं आमच्या नातीनं.

ती तेव्हा तेरा वर्षांची, पुण्याहून सुट्टीत आलेली. एका दुपारी तिनं टेबलावर खोडरबर ठेवला, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि एक फोटो घेतला. खोडरबर इतकासा सरकवला, दुसरा घेतला. असं पन्नास-साठ वेळा. मग तिनं ते सगळे फोटो भराभर दाखवले, आणि खोडरबर आपला आपण टेबलाच्या काठापर्यंत चालत गेला, खाली डोकावला आणि घाबरून परत फिरला.

"आजोबा, सेकंदाला बारा लागतात. बाकी सगळा हाताचा खेळ."

यांनी ते सात-आठ वेळा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, त्या कोठ्या हलवायला हव्यात."

कोठ्या हलल्या. खिडकीला काळं कापड लागलं, कारण दिवसाचा उजेड सरकतो आणि सिनेमात तो लुकलुकतो. नात जाताना तिचा जुना लॅपटॉप, एक छोटा कॅमेरा आणि लांबून फोटो घ्यायचं बटण आमच्याकडे ठेवून गेली. फोटोला हे चित्र म्हणत, म्हणून मीही चित्रच म्हणते.

बाहुला वीतभर उंच होता. आत पिळलेल्या तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, त्यावर मी शिवलेलं धोतर आणि उपरणं. हात, पाय आणि डोकं मातीचं. बाजारात पोरांसाठी मिळते ती रंगीत माती आमच्या उन्हाळ्यात टिकेना. दुपारी दोनच्या सुमाराला बाहुल्याचं नाक हनुवटीवर येऊन बसायचं. तेव्हा यांनी स्वतःची माती केली. पूर ओसरल्यावर घाटावर राहते ती चिकणमाती वाळवून, वस्त्रगाळ करून, मेण आणि मोहरीचं तेल घालून मळलेली. ती वाळत नसे, तडकत नसे, फक्त खोलीला लोणच्याचा वास येई. थंडीत मात्र तिचा दगड व्हायचा. मग काम सुरू करण्याआधी तासभर बाहुल्याचं डोकं उबेत ठेवावं लागे, आणि ऊब म्हणजे माझं पोलकं. एका संक्रांतीला मी ते डोकं तिथेच विसरून शेजारी हळदीकुंकवाला गेले. वाण घ्यायला वाकले आणि एक टकलं, शेंडीवालं डोकं बाहेर आलं. यजमानीणबाई बघतच राहिल्या. मी म्हटलं, "सासरे आहेत," आणि पदर सारखा केला.

सिनेमा असा होता: एक म्हातारा पहाटे तांब्या घेऊन घाट उतरतो आणि गंगेत बुडी मारतो. बस, एवढाच. मी विचारलं, "पुढे काय होतं?" हे म्हणाले, "अंग पुसतो." पायऱ्या पन्नास ठरल्या. प्रत्यक्षात बांधल्या दहाच, पुठ्ठा आणि मातीच्या, खाली लाकडी फळी. दहावी पायरी उतरला की बाहुल्याला उचलून पुन्हा पहिलीवर ठेवायचं, मागची भिंत तेवढी बदलायची. कधी भिंतीवर शेवाळ, कधी झोपलेला कुत्रा.

प्रत्येक पायरीला भोकं होती. बाहुल्याच्या तळपायात स्क्रू, तो भोकातून खाली आला की फळीखालून हात घालून नट आवळायचा. नाहीतर एका पायावर उभा राहायचा कसा? नट आवळला की हे बाहुल्याचा दुसरा पाय गव्हाच्या दाण्याएवढा उचलत, उपरण्याचं टोक केसभर हलवत, हात मागे घेत आणि म्हणत, "घे." मी बटण दाबायची. पुन्हा दाणाभर. "घे." एक पायरी उतरायला अठरा चित्रं लागत. पट्टी नाही, खूण नाही, सगळा अंदाज, आणि तरी अठरा म्हणजे अठरा. फार तर एकोणीस. त्याचा त्यांना गर्व होता, आणि मला त्या गर्वाचा राग होता, कारण माझ्या हाताला पोळीसुद्धा एकसारखी येत नाही.

आठवड्याला एखादी पायरी व्हायची. बत्ती गेली, माकडं आत आली, पाहुणे आले की तीही नाही. पण पहिल्या हिवाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाहुला पंचवीस पायऱ्या उतरला, आणि काय सांगू, चालायचा. उतरताना गुडघा जरासा धरायचा, दर चौथ्या पायरीला तांब्या या हातातून त्या हातात घ्यायचा.

सव्विसाव्या पायरीला बावीस चित्रं लागली.

मी म्हटलं, "आज तुमचा म्हातारा दमलाय."

"बावीस कशी होतील? तू बटण दोनदा दाबतेस."

"मी दोनदा दाबते? चोपन्न वर्षं तुमचं एकदा सांगितलेलं एकदाच करते मी."

"बोट जड आहे तुझं."

पुढच्या पायरीला चोवीस. मग सव्वीस. सिनेमा लावून बघितला की बाहुला पायरीच्या सुरुवातीला बरा निघायचा आणि मध्यावर त्याची पावलं चिमणीची व्हायची. यांना ते दिसत होतं. चुकलंय हे त्यांच्या डोळ्याला लगेच कळे, आणि आपला हात चुकलाय हे काही केल्या पटत नसे. म्हणून चूक माझ्या बोटाची. मी बोट उचलून दाखवायची, बटण त्यांच्या कानाजवळ नेऊन एकेकदा वाजवायची. मग ते म्हणत, मशीन बिघडलंय, आणि मी म्हणायची, मशीन नाही, माणूस. रोज हेच. त्या खोलीत आम्ही इतके भांडलो की बाहुला एका पायावर ताटकळायचा.

आणि तेव्हा त्या अडुसष्ट, नाही, तोवर एकोणसत्तर वर्षांच्या हुशार मुलीला युक्ती सुचली. नातीनं लॅपटॉपवर चित्रं काढून टाकायला शिकवलं होतंच. बावीसमधली चार काढली की झाली अठरा. बाहुला पुन्हा नीट चालायला लागला. दुपारी हे झोपले की मी खाली जायची, मधली मधली चित्रं वेचून काढायची, ताक पिऊन वर यायची. संध्याकाळी हे सिनेमा लावायचे.

"बघ," म्हणायचे, "आता कसं? बोटाकडे लक्ष दिलंस की होतं नीट."

मी म्हणायची, "हो."

किती मोठेपणा वाटायचा मला त्या 'हो'चा. आपण किती समजूतदार, किती पोटात घालतो. त्या बाईला मी आज भेटले तर तिची वेणी धरून तिला त्या लॅपटॉपसमोर बसवीन आणि म्हणेन, मोज.

कारण आकडे वाढतच गेले. तिसाव्या पायरीला अठ्ठावीस. पस्तिसाव्याला छत्तीस. मग हिशेब सोपा झाला, एकाआड एक चित्र काढायचं. हे काम करताना "किती झाली?" म्हणून विचारायचे आणि मी छत्तिसाव्या चित्राला "अठरा" सांगायची. त्यांचं "घे" हळूहळू इतकं बारीक झालं की मला ऐकूच येईना. मी ओरडायची, "तोंडातल्या तोंडात बोलू नका." त्यांचा चेहरा दिवसभर रुसल्यासारखा असायचा. मीही उलट रुसून बसायची. माझा रुसवा घरातल्या कुणापेक्षा कमी नाही. फळीखाली नट बोटातून सुटायचा आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून टॉर्चनं शोधायचो. ते शोधत असताना मी म्हणायची, "लक्ष कुठे असतं हल्ली?" त्यांचा डावा हात चालताना झुलत नसे, नसलेल्या खिशात घातल्यासारखा अंगाला चिकटून असे. ते मी पाहिलं होतं. पाहून म्हटलं होतं, "काय साहेबासारखे चालता." हे सगळं मी पाहिलं, आणि प्रत्येकावर माझ्याकडे एकेक टोमणा तयार होता.

काढलेली चित्रं मी फेकली नाहीत. मी काहीच फेकत नाही. आमच्याकडे श्रीखंडाचे डबे लग्नाच्या वयाचे झालेत. लॅपटॉपमध्ये एक खण केला, त्याला 'कचरा' नाव दिलं आणि त्यात ती टाकत गेले.

एक्केचाळीस पायऱ्या झाल्या आणि पुराचे दिवस आले. त्या वर्षी पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं. ओसरल्यावर घाटावर गुडघाभर गाळ. लोक पंप लावून पायऱ्या धुतात, पण आठवडे लागतात. हे रोज पहाटे गंगेवर जाणारे. पन्नासहून जास्त वर्षं, ताप असला तरी. तीन आठवडे घरात बादलीनं आंघोळ केली आणि मग म्हणाले, आज जातो.

सहाच्या सुमाराला नाववाला आणि आणखी दोघं त्यांना खाटेवर घालून घेऊन आले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

"गाळात पाय घसरला असेल," मी म्हटलं. गल्लीतला प्रत्येकजण तेच म्हणत होता.

नाववाला दारात उभा होता. त्याचं धोतर ओलं होतं. "नहीं माताजी. जहाँ गिरे, वहाँ तो सीढ़ी धुली हुई थी. मैं सामने बैठा था. बाबा का पैर उठा ही नहीं."

"पैर कैसे नहीं उठेगा?" मी त्याच्यावर खेकसले. माणसाला पोचवायला आलेल्या माणसावर. बिचारा "जी" म्हणून गेला.

हाडाचं ऑपरेशन झालं. हाडाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी यांचा कोपर धरून वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मी म्हटलं, "मोडला तो पाय आहे." ते म्हणाले, "जी, वह तो है."

मेंदूचे डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी यांना अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं. मग कागद दिला. "बाबा, अपना पता लिखिए. तीन बार."

यांनी पत्ता लिहिला. मराठीतच लिहिला. चित्रकलेचे मास्तर, फळ्यावर लिहायचे तर पोरं अक्षर बघायला थांबत. पहिली ओळ बरी निघाली. ओळीच्या मध्यावर अक्षरं बारकी झाली. दुसरी ओळ त्याहून बारीक. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'वाराणसी' म्हणजे मुंग्यांची एक ओळ होती, शेवटची मुंगी दिसतही नव्हती.

आणि मला बाहुला दिसला. तेच चालणं. पायरीच्या सुरुवातीला बरा, मध्यावर चिमणीची पावलं. मी खुर्चीचा दांडा धरला होता, तो गार लागला एवढं आठवतं.

"यह कब से है?" डॉक्टरांनी विचारलं.

"दो-तीन महीने," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर, हे गोळीनं झोपले असताना, मी 'कचरा' उघडला. प्रत्येक चित्राखाली त्याची तारीख असते. पहिल्या चार चित्रांची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. मी सगळी ओळीनं लावली आणि पाहिली. डॉक्टरांनी सांगितलेला, हालचाल आखडत नेणारा आजार कसा आला ते दिवसागणिक तिथे होतं. सव्विसावी पायरी, सत्ताविसावी, कुठल्या सोमवारी किती. मी वेचून वेचून जपून ठेवलं होतं आणि वर नाव दिलं होतं कचरा.

आता तरी त्या बाईनं नवऱ्याला उठवून सांगावं की नाही? तिनं नाही सांगितलं. तिला वाटलं, डॉक्टरांसमोर सांगितलं तर हे रागावणार नाहीत. परक्या माणसासमोर हे कधी आवाज चढवत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे भीतीसुद्धा तिनं नीट आखून घेतली होती.

पुढच्या खेपेला मी लॅपटॉप पिशवीत घालून नेला. चाकांच्या खुर्चीत हे, बाजूला मी. डॉक्टरांना म्हटलं, "तारीख आहे माझ्याकडे," आणि लावलं.

डॉक्टरांनी एकदा पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. "यह किसने बनाया? बाबा ने? हर कदम हाथ से?" त्यांचे डोळे चमकायला लागले. त्यांनी बाहेरून शिकणाऱ्या पोरांना बोलावलं. सहा-सात पांढरे कोट लॅपटॉपभोवती वाकले. "देखो, इन्हें लग रहा है कि बराबर दूरी हिला रहे हैं. देखो कदम कैसे सिकुड़ रहा है." एक मुलगी म्हणाली, "सर, कितना क्यूट है." बाहुल्याला म्हणाली, यांना नव्हे.

हे सगळ्यांच्या कोटांमधून बघत होते. चेहऱ्यावरून काही कळायचे दिवस संपले होते.

पोरं गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, सांभाळून म्हणाले, "माताजी, उसी वक़्त ले आतीं तो दवा साल भर पहले शुरू हो जाती. शायद यह गिरना न होता. शायद. पक्का कोई नहीं कह सकता."

रिक्षा गल्लीत येत नाही. मोठ्या रस्त्यावर उतरलो आणि दोघा जणांनी यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं, गायीला बाजूला सारत, मी पिशवी घेऊन मागून. तखतावर, म्हणजे आमच्या लाकडी दिवाणावर, बसवलं, पाणी दिलं. पाणी संपेपर्यंत वेळ लागला.

"माझी चित्रं काढून टाकलीस," ते म्हणाले.

"हो."

"किती?"

"दोनशेच्या वर असतील."

"मी विचारायचो किती झाली, तर तू अठरा सांगायचीस."

"तुम्ही बटणावरून भांडायचात. मला वाटलं—"

"विचारलं नाहीस."

मी रडायला लागले. खुब्याचं म्हणाले, औषधाचं म्हणाले, माझ्यामुळे तुमचं वर्ष गेलं म्हणाले. त्यांनी हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. त्यांना ते नकोच होतं. आजाराबद्दल ते मला एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "दुसऱ्याच्या कामात असा हात घालतात?" एवढंच म्हणाले. चाळीस वर्षं वर्गात पोरांच्या चित्राला त्यांनी स्वतःची पेन्सिल लावली नव्हती. चूक असेल तर बोट दाखवत, पुसायचं ते पोरानं. हे मला माहीत होतं. मीच लोकांना कौतुकानं सांगायची.

"परत घाल," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी सगळी चित्रं जिथली तिथे घातली. सिनेमा लांबला. त्यांनी एकदा पाहिला, आणि खोलीला कुलूप लावायला सांगितलं.

मग घर चालवणं आलं. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा म्हणाला, चालताना पाय अडकतो त्यावर उपाय म्हणजे जमिनीवर रेघा. डोळ्याला रेघ दिसली की पाय तिच्यावरून जातो. मी ओट्यापासून मोरीपर्यंत खडूनं रेघा मारल्या. हे वॉकर घेऊन उभे राहिले, खाली पाहिलं.

"तिसरी जवळ आलीय."

"काय फरक पडतो?"

"दोन बोटं जवळ आलीय."

मोजली. दोन बोटं होती. पुसून पुन्हा मारली. मग निघाले, रेघेवरून रेघेवर. मोरीपर्यंत. गंगेचं नाव त्यांनी काढलं नाही. तांब्यात आणून देऊ का विचारलं तर नको म्हणाले.

दीड वर्ष उलटलं. नात आली, आता मोठी झाली होती, आवाजसुद्धा बदलला होता. तिला सगळं फोनवरून कळलं होतं. कुलूप काढून ती खोलीत गेली. बाहुला एक्केचाळिसाव्या पायरीवर उभा होता, कोळ्यानं त्याच्या तांब्यापासून भिंतीपर्यंत जाळं विणलं होतं.

"आजी, नऊच पायऱ्या राहिल्यात. आपण करू."

तुम्हाला वाटेल आता तरी ही बाई शहाणी झाली असेल. बहात्तर पूर्ण केली होती. नाही झाली. म्हणाली, दुपारी करू, ते झोपले की. पूर्ण झाल्यावर एकदम दाखवू.

सुट्टीभर आम्ही दोघी खाली जायचो. मी पाय हलवायची, ती बटण दाबायची. आणि मी नुसती हलवत नव्हते. मला त्यांच्यासारखंच करायचं होतं. आदल्या चित्रांत पाऊल कसं बारीक होत गेलंय ते बघून, मोजून, मीही तसंच बारीक करत गेले. दाणा, अर्धा दाणा, मोहरी. हात भरून यायचा. नात म्हणायची, "आजी, सेम टू सेम." पाण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची पन्नी लावली. बाहुला पन्नासावी पायरी उतरला, गुडघे वाकवून पन्नीखाली गेला. मलाच दम लागला.

जायच्या आदल्या दिवशी, चहा झाल्यावर, तिनं लॅपटॉप तखतावर ठेवला. "आजोबा, एक गंमत."

हे बघायला लागले. बाहुला निघाला, गुडघा धरत, तांब्या बदलत. सव्विसावी पायरी गेली. पावलं आखडत गेली, पस्तीस, चाळीस. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. एक्केचाळिसावी.

"इथून तू," ते म्हणाले.

नातीनं थांबवलं. ती हसली. "कसं कळलं, आजोबा? आम्ही तर डिट्टो केलंय."

त्यांना उत्तर द्यायला आता वेळ लागतो. शब्द आत तयार असतो, वर यायला उशीर होतो. आम्ही थांबलो. खालून कुणीतरी हातगाडी नेली, तिचा आवाज गल्ली संपेपर्यंत येत होता.

"हा मुद्दाम लहान पाऊल टाकतोय," ते म्हणाले. "मी पूर्ण पाऊलच टाकत होतो."

नात माझ्याकडे बघायला लागली. मला तिच्याकडे बघवेना. सहा आठवडे मी त्या पायांत बोटं घालून बसले होते आणि ही एवढी गोष्ट माझ्या मनात आली नव्हती, की त्यांना आतून ते लहान वाटतच नव्हतं. मी त्यांची नक्कल केली होती. चांगली मोजून मापून केली होती.

"काढू?" मी विचारलं.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ती वळायलाही वेळ लागला.

"काढ."

नातीनं लॅपटॉप पुढे सरकवला, पण मी म्हटलं, मी काढते. एकेक काढली. ते बघत होते, मधे डोळे मिटले नाहीत. पाण्यातला बाहुला गेला, पन्नासावी गेली, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. अर्धा तास लागला. शेवटच्या चित्रापाशी मी थांबले, कारण ते माझं की त्यांचं, मला सांगता येईना.

"हे माझं," ते म्हणाले. "राहू दे."